बसून म्हटलेली दंडार

नामदेवा, मी नागपूरला निघालो तेव्हा पारशिवनीच्या स्टँडवर बाबांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, धोतराला हात पुसले आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "नोकरी कर गा, पन दंडारीले येत जाय. तुयी जागा मी कोनाले देत नाही."

दंडारीत बाबा पुढे नाचायचे आणि त्यांच्या पाठीमागची जागा माझी. तू धाकटा, तू ढोलकीवर, नाचात कधी उतरला नाहीस. शिकवणी अशी कधी झालीच नाही. पुढच्याचे पाय बघायचे आणि आपले टाकायचे. पहिली दोन वर्षं मी सुगीनंतर दंडारीला येत राहिलो. मग साहेबांनी सुटी नाकारली, मग लग्न झालं, नागपुरातच नंदनवन वस्तीत बिऱ्हाड केलं, आणि येणं राहिलं ते राहिलंच. बाबा मात्र शब्दाचे पक्के. दरसाल माझी जागा रिकामी ठेवून नाचतात, असं तूच लिहायचास. मी ते ऑफिसात कौतुकानं सांगायचो. त्या जागेवर उभा राहून दुसरा कोणी शिकला असता, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नाही.

बाबा थकले तेव्हा मला अक्कल सुचली. बर्डीच्या बाजारातून टेपरेकॉर्डर घेतला आणि दंडार जपून ठेवायला गावी आलो. मोठा आव आणून आलो होतो, आठवतं ना? पहिल्यांदा भरलं तर नुसती धपधप आणि घुंगरांचा कल्ला, शब्द एक कळेना. मग मी सगळ्यांना घुंगरू सोडायला लावले आणि सतरंजीवर बसवलं.

"घुंगरू काहून काढाले लावून राहिला गा?" बाबा म्हणाले. "बसून दंडार होते का?"

"मशीनले आवाज साफ पाहिजे, बाबा."

नागपूरचा शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर म्हातारी माणसं निमूट बसली. आज त्यातलं कोणी उरलं नाही. बाबांना जाऊनही दोन वर्षं झाली.

आता तुझं पत्र आलं. पोरं तयार आहेत, टेप घेऊन घरी ये, दंडार पुन्हा उभी करू. परवा मी टेप लावली. बायकोनं खुर्च्या सरकवल्या, मी खोलीत उभा राहिलो. पहिलं कडवं पायांनी ओळखलं. दुसऱ्यात बाबा गिरकी घ्यायचे, ती डाव्या पायावर की उजव्या, तेच आठवेना. गाणं पुढे गेलं आणि मी मेल्यासारखा उभा. बायकोनं खुर्च्या परत लावल्या.

तू घरी ये म्हणतोस. माझं घर म्हणजे बाबांच्या पाठीमागची ती हातभर जागा होती रे. ती त्यांनी माझ्यासाठी इतकी वर्षं राखली आणि मी तिथे टेपरेकॉर्डर नेऊन ठेवला.

टेप पाठवतोय. पोरांना गाणी येतील, नाच येणार नाही, त्यांना आशा लावू नकोस. तिसऱ्या गाण्यात मधेच सतरंजीवर बाबांचा पाय वाजलेला ऐकू येईल. ठेका धरायला लागला होता. लगेच माझा आवाज आहे, "बाबा, पाय नका हलवू." त्यानंतर शेवटपर्यंत पाय वाजत नाही.