नदीची काठी

नदीकाठची पायवाट एका ठिकाणी पाण्यात उतरते आणि पलीकडून डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीकडे चढते. झाडाला टेकवलेली काठी घेऊन मी नदी ओलांडली आणि ती टेकत तशीच वर निघाले. वाट दाखवायला आलेले धोंडूमामा थांबले.

"ताई, काठी नदीची हाय. हितंच ठेवा. वरून उतरणाऱ्याला लागंल."

मी ओशाळून मागे गेले.

दुसऱ्या दिवशी परतताना तिथे माझी काठी नव्हती. दुसरीच होती, जरा आखूड, मुठीपाशी गुळगुळीत झालेली. किती जणांनी धरली असेल! त्या सगळ्यांचा हात धरूनच मी पाण्यात उतरले. अलीकडे पोचल्यावर तो पटकन सोडवेना.