चेष्टा म्हणजे प्रयत्न नाही

मंडळी, आधीच सांगून ठेवते... मी अमावास्येला नखं कापणारी, मांजर आडवं गेलं तर त्यालाच "चल हट" म्हणणारी बाई आहे. भूत, भानामती, करणी असलं काही आमच्या घरात कुणी बोलतसुद्धा नाही. पण जे झालं ते चार शिकल्या-सवरल्या बायकांसमोर, भर दुपारी झालं. आणि ते आठवलं की मला भीती वाटत नाही — संताप येतो. का, ते सांगते.

आम्ही पुण्याचे. ह्यांची बदली दिल्लीला झाली आणि लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टर मिळालं. मुलगी जुई, नववीत. शाळा घरापासून चालत जाण्यासारखी. नाव लिहीत नाही, तेवढी लायकी नाही त्यांची.

गेल्या गेल्या जुईचं 'जूँ' झालं. जूँ म्हणजे हिंदीत ऊ. ही वर्गात शिरली की पोरी कराकरा डोकं खाजवायच्या. त्यांची म्होरकी तान्या नावाची मुलगी. जुईने थोडे दिवस सोसलं, मग धीर करून भर वर्गात क्लास टीचरला सांगितलं, "मॅम, ये लोग मेरी चेष्टा करते हैं।"

झालं! आपल्याकडे चेष्टा म्हणजे टिंगल. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. नवीन आलेल्या पोरीला काय माहीत? आणि टीचरबाईंनी काय उत्तर द्यावं? "चेष्टा तो अच्छी बात है बेटा, आप भी कीजिए।" अख्खा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून जिन्यात, कँटीनमध्ये, गेटवर एकच घोषणा — "चेष्टा करो, चेष्टा करो!"

अहो, समोर पोर रडकुंडीला आलीय आणि तुम्हाला शब्दाचा अर्थ सुचतोय?

बरं, जुई गप्प बसली नव्हती. टीचरला सांगत होती, आम्हाला सांगत होती. आम्ही शाळेत चपला झिजेपर्यंत खेपा घातल्या. उत्तर ठरलेलं — "बच्चे हैं जी, मज़ाक-मस्ती तो चलती है।" मग हळूहळू तिने सांगणं बंद केलं. आणि मग बोलणंच बंद केलं. मराठी नाही, हिंदी नाही, हूं की चूं नाही. काही हवं असेल तर बोट दाखवायची. शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी जिची टकळी सुरू व्हायची, ती माझी पोर! डॉक्टरांनी तपासलं, घसा ठणठणीत. "ताई, हे जितकं लांबेल तितकं अवघड होईल," म्हणाले.

शेवटी मी हट्टाला पेटले आणि व्हाइस प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये मीटिंग लावून घेतली. त्या स्वतः, क्लास टीचर, शाळेच्या काउन्सेलर — ह्या केरळच्या — आणि तान्याची आई. ह्यांना ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी आणि जुई दोघीच. थंडीचे दिवस, पायाशी हीटर. माझा हात जुईच्या हातावर.

"देखिए मॅम, आपकी बेटी थोड़ी सेंसिटिव है," व्हाइस प्रिन्सिपल म्हणाल्या. तान्याची आई हसून म्हणाली, "मेरी तान्या तो बस हँसमुख है जी।" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग सगळ्या जुईकडे वळल्या, "बोलो बेटा, क्या प्रॉब्लम है?"

जुई टेबलाकडे बघत राहिली.

"देखा? कुछ है ही नहीं बताने को," टीचर म्हणाल्या.

आणि भिंतीवरचा स्पीकर खरखरला. प्रार्थनेचा, अनाऊन्समेंटचा असतो ना, तो.

"मी जुई बोलतेय."

मंडळी, आवाज माझ्या मुलीचा होता. मराठीत! आणि माझी मुलगी माझ्या शेजारी बसलेली, ओठ घट्ट मिटलेले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पुन्हा पुन्हा बघत होते. नाही हलत होते ओठ.

"माझ्या बाकाभोवती खडूने गोल काढतात. आत कुणी पाय ठेवत नाही. माझ्या डब्यात थुंकतात. मी शाळेत पाणी पीत नाही. प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि मी आत गेले की बाहेरून कडी लावतात. माझी चेष्टा करतात. चेष्टा म्हणजे प्रयत्न नाही."

खट्. बंद.

पाण्याचं तर मलाही माहीत नव्हतं... जुईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तान्याची आई उभी राहिली होती, चेहरा पांढराफटक. "कुड़ी पाणी वी नहीं पींदी?" पोरगी पाणीसुद्धा पीत नाही? तिच्या तोंडून एवढंच आलं.

मी चक्रावले. "आपको मराठी आती है?"

"मराठी? उसने तो पंजाबी में बोला जी। ठेठ पंजाबी में।"

"नो, नो," काउन्सेलर डोळे पुसत म्हणाल्या, "मलयालम था।" व्हाइस प्रिन्सिपल आणि टीचर एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनी साफ हिंदी ऐकली होती.

माइकच्या खोलीला कुलूप होतं. दुसऱ्या कुठल्याही वर्गात स्पीकर वाजला नव्हता. इतकंच खरं, बाकी मला काही विचारू नका.

आता पुढचं ऐका, म्हणजे मी का चिडलेय ते कळेल. शाळेने चौकशी बसवली. कशाची? स्पीकरची! वायरमन आले, कॅमेरे तपासले, ह्यांना फोन करून "सर, आपका कुछ टेक्निकल बॅकग्राउंड है क्या" असंही विचारलं. माझे मिस्टर अकाउंट्समध्ये आहेत हो! खडूच्या गोलाची चौकशी नाही, बाथरूमच्या कडीची नाही. अखेर 'तांत्रिक बिघाड' म्हणून तो स्पीकर काढून नेला. लोकांना भुताची भीती वाटते, स्वतःच्या पोरांची नाही वाटत.

तान्याची आई मात्र तान्याला घेऊन आमच्या क्वार्टरवर आली. पोरगी मान खाली घालून "सॉरी" म्हणाली. मनापासून की घाबरून, देव जाणे. काउन्सेलर मॅडम आता दर आठवड्याला जुईबरोबर बसतात. तिला बोल म्हणत नाहीत, नुसत्या बसतात. आपलं पोर असं मिटत चाललं असेल ना, तर आधी हे करा. शेजारी बसा. आणि शाळेला सोडू नका, यार!

परवा मी पोळ्या लाटत होते. जुई ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. आवाज घोगरा झाला होता.

"आई, त्या दिवशी सगळ्यांना आपापल्या भाषेत कळलं ना?"

"हो गं राणी," मी म्हटलं. हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"मग त्याच्या आधी मी कुठल्या भाषेत सांगत होते?"

स्पीकरचं काय झालं ते मला आजही माहीत नाही, आणि कुणी समजावलं नाही तरी चालेल. पण पोरीच्या या प्रश्नाला मी अजून उत्तर देऊ शकलेले नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खाली लिहा.