मेंढरांजवळचा दिवा

शिनोलीजवळच्या माळावर आमचा आकाशदर्शनाचा गट दुर्बीण लावतो. तिथं एका मावशींची मेंढरं बसतात. बिबट्याच्या भीतीनं त्या दिवा चालू ठेवतात आणि आम्हाला तर अंधार हवा. म्हणून ठरलं होतं, दिवा बंद असेपर्यंत माझ्या नवऱ्यानं काठी घेऊन मेंढरांपाशी बसायचं.

तो गेल्यावर मी पहिल्यांदाच आले. दुर्बीण नेहमीसारखी जोडून दिली.

"भाऊ कुठं हाय? दिवा कुणाच्या भरवशावर घालवू?" मावशींनी विचारलं.

"ते वारले. मी बसते."

त्यांनी मला न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बिबट्या आला तर वरडाल तरी का?"

"ओरडेन."

त्यांनी काठी दिली, दिवा घालवला.

"शनीची कडी दिसतेय, या लवकर!" गटातून हाक आली. मी उठले नाही. दिवा परत लागेपर्यंत मेंढरं सांभाळायची होती.