पुसलेले आकडे

प्रयोगशाळेच्या भट्टीवर तीस वर्षं काच वितळवणाऱ्या आमच्या काकांना टापटिपीचा भारी सोस. त्या सकाळी त्यांनी काचेच्या तीन चकत्या स्पिरिटने इतक्या लख्ख पुसल्या, की वरचे शाईचे आकडेही गेले. एकीत युरोपियम हे दुर्मिळ मूलद्रव्य मिसळलेलं होतं, दुसरीत टर्बियम, तिसरी साधी. पण तिन्ही दिसायला पाण्यासारख्या. दुपारी मोजमाप होतं. ओळख पटली नाही तर आठवड्याचं काम पुन्हा करावं लागणार होतं, आणि अशा चकत्या ओळखायचा प्रयोगशाळेचा अतिनील किरणांचा जांभळा दिवा नेमका दुरुस्तीला गेलेला.

"काका, आता चिठ्ठ्या टाकायच्या का?" संशोधक बाईंनी विचारलं.

काका थेट माझ्या, म्हणजे रोखपालाच्या, टेबलाशी आले. "साहेब, तुमचा तो नोटा तपासायचा जांभळा दिवा द्या. आणि जरा खिडकी लावा."

मी खिडकी लावली. दिव्याखाली एक चकती लाल उजळली, दुसरी हिरवी.

"लाल ते युरोपियम, हिरवं टर्बियम. आणि ही गप्प बसलेली, ती साधी," काका म्हणाले.

बाई हसल्या. "आधी यांचा फडका जप्त करा."

काकांनी या वेळी आकडे कडेला काच कापायच्या हिरकणीने कोरले. मग जाता जाता माझ्या दिव्याची काचही पुसून दिली.