बंबाची सोंड आणि सीताकाकूंची विहीर

बंबखान्यात नोकरी केली म्हटलं की लोक हमखास विचारतात, "सगळ्यात मोठी आग कुठली हो?" खरं सांगू? आगींची माझ्या डोक्यात पार खिचडी झालीय. लक्षात राहिलीत ती माणसं! पन्नास सालानंतरचं मुलुंड ते. आगी थोड्या आणि रिकामा वेळ भरपूर. किस्से साचणार नाहीत तर काय!

*

आमचे प्रमुख धुरी तांडेल. मूळचे मालवणचे, आधी बोटीवर होते. मुलुंडच्या आतल्या आळ्यांत तेव्हा नळ पोचले नव्हते, आणि बंबाच्या टाकीतलं पाणी पाच मिनिटांत संपायचं. पुढची सगळी भिस्त विहिरींवर. म्हणून तांडेल दर महिन्याला घरोघर जाऊन विहिरीत दोरीला बांधलेला दगड सोडत. त्यांना लिहिता येत नसे, त्यामुळे वही माझ्याकडे. कुणाची विहीर, पाणी किती हात, मे महिन्यात टिकेल का, सगळं त्यात.

घरोघर फिरणारा माणूस बघून एका आजोबांनी हळूच विचारलं, "तांडेल, आमच्या कुसुमसाठी एखादं स्थळ बघा ना!"

तांडेलांनी बघितलं आणि चक्क जमवलं! लग्नाला आम्हा दोघांना अगत्याचं आमंत्रण. पानं वाढली तरी तांडेल गायब. शेवटी मांडवामागून हात पुसत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "पाच हात. लिही!"

*

एकदा नाहूरहून एक तरुण धापा टाकत आला. घराला आग! आम्ही त्याला रस्ता दाखवायला बंबावर घेतला, तर गडी जोरजोरात घंटा बडवायला लागला. वाटेत म्हणतो, "जरा डावीकडून घ्या ना."

"घर तिकडे आहे?"

"नाही, सासुरवाडी आहे!"

तांडेलांनी त्याला अशी काही शिवी हासडली की पुढे घंटा आपोआप बंद झाली. पोचलो तर आग विझलेली. घरातल्या म्हातारीने चुलीवर पेटलेल्या फडक्यावर ताकाचं अख्खं मडकं ओतलं होतं. आम्हाला बघून बिचारीला रडूच फुटलं. "एवढ्या उन्हातून आलात, आणि आता तुम्हाला द्यायला घोटभर ताक नाही!"

*

आमच्या वहीतलं एक पान मात्र तांडेलांना झोपू देत नव्हतं. एका आळीत सगळ्या विहिरी मेमध्ये आटायच्या. टिकायची ती एकट्या सीताकाकूंची, आणि काकू ठाम. बंबाच्या पाणी ओढायच्या पाइपला त्या सोंड म्हणत.

"तुमची सोंड कुठकुठल्या डबक्यांत बुडते! माझ्या पिण्याच्या पाण्यात नाही चालायची."

"काकू, आग लागली तर आळी ऱ्हवाची नाय!"

"नाही लागणार."

पुढच्या महिन्यात तांडेल पाइपच्या तोंडाची पितळी जाळी चिंचेने घासून घेऊन गेले. लखलखीत! काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "छान घासलीत. पण नाही."

मी वहीत लिहिलं, 'पाणी भरपूर. मालकीण नाही म्हणते. पुन्हा जाणे.' असं बारा वेळा लिहिलंय मी!

*

काकूंच्या कुंपणापलीकडे दामले मास्तर. त्यांच्या आंब्याची पानं काकूंच्या विहिरीत पडत. काकू ती काढून मास्तरांच्या अंगणात टाकत. त्यावरून दोघांचं सात वर्षं बोलणं नव्हतं.

आणि आग लागली ती मास्तरांच्याच घराला! मे महिना, भर दुपार, माळ्यावर वाळलेली लाकडं. शेजारच्या दोन्ही विहिरी कोरड्या. टाकीतलं पाणी संपत आलं, तसे तांडेल काकूंच्या फाटकाकडे धावले. मी पाइप ओढत त्यांच्या मागे.

फाटक सताड उघडं. काकूंनी रहाट आधीच बाजूला काढला होता.

"सोंड धुतलीय का?"

"आत्ताच धुतलीय!" तांडेल म्हणाले.

"खोटं बोलू नका. टाका लवकर!"

आळी वाचली. मास्तरांचं निम्मं घरही वाचलं. काकूंच्या विहिरीत मात्र चिखल तेवढा उरला, आणि पावसाला अजून तीन आठवडे होते. काकू काठावर उभ्या राहून आत बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

*

आठवड्याने आम्ही दगड घेऊन गेलो. कुंपणाच्या भिंतीवर पाण्याने भरलेल्या दोन कळशा. मास्तर रोज पहाटे स्टेशनाजवळच्या नळावरून आणून तिथे ठेवत होते. बोलणं? छे! ते अजून बंदच. आताही काकू भिंतीच्या अलीकडे, मास्तर पलीकडे, मध्ये हातभर अंतर.

काकू तांडेलांना म्हणाल्या, "त्यांना सांगा, कळशी आतून घासत जा म्हणावं!"

तांडेल तोंड उघडणार, इतक्यात मास्तर त्यांनाच म्हणाले, "त्यांना सांगा, चिंचेने घासलीय!"