नवसाचे रोडगे आणि माझी सोनी

गेल्या चैत्रात एका सकाळी मी मारोतीला नाही नाही ते बोलले. देवाशी भांडणाऱ्या बाईचं तुम्हाला हसू येईल, पण आमच्या शेताच्या बांधावरचा हा मारोती मला भावासारखा आहे. चांदूर बाजारजवळच्या आमच्या मळ्यात वांगी तोडताना, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधताना मी त्याच्याशी जितकं बोलते, तितकं नवऱ्याशीही बोलत नाही. भावानंच दगा दिला असं वाटलं, तर बहीण गप्प कशी बसणार?

सोनी ही माझी बकरी. जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली, म्हणून मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. ती स्वतःला बकरी समजतच नाही. घरात कोणी पाहुणा आला की आधी ती ओसरीवर येऊन बसते. दिवाळीच्या सुमारास ती अडली होती, तेव्हा मी घाबरून नवस बोलले, हिला सुखरूप सोडव, तुला रोडग्यांची पंगत देईन. सोनी सुटली, गुटगुटीत करडू झालं. चैत्रात नवा गहू घरात आल्यावर मी नवस फेडला. कणकेचे पदरावर पदर चढवून गोळे वळले, गोवऱ्यांच्या आरात भाजले, वर वरण आणि वांग्याची भाजी. पण त्याच दिवशी गावात लग्न निघालं आणि निम्मी पंगत तिकडे गेली. दोन टोपली रोडगे उरले. नवसाचं अन्न आमच्याकडे उकिरड्यावर टाकत नाहीत, मुक्या जनावरांच्या मुखी घालतात. एक टोपलं माझ्या मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या बकऱ्यांसाठी नेलं. दुसरं मी संध्याकाळी कुस्करून माझ्या आठ बकऱ्यांपुढे ठेवलं. सोनीला आणि तिच्या करडाला लाडाचं म्हणून दुप्पट वाढलं. ती चाटूनपुसून खात होती आणि मी कौतुकानं बघत होते.

सकाळी गोठ्यात गेले तर करडू मान मागे टाकून ताठ पडलं होतं. सगळ्यांत धडधाकट तेच, आणि तेच गेलं होतं. सोनी आडवी होती, दात करकर खात होती, पोटावर पाय झाडत होती, खाली पातळ संडास. दुसरी एक कोपऱ्यात थरथरत उभी होती. नवरा पहाटेच भाजी घेऊन अमरावतीला गेलेला, त्याचा फोन लागेना. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर गावोगावी लसीकरणाला गेलेले. फोन उचलणाऱ्या पोराकडे त्यांचा नंबरही नव्हता. मी बांधावर धावत गेले आणि मारोतीसमोर ओरडले, "तुयाच प्रसादानं माया लेकराले मारलं! काहून?"

ओरडले खरी, आणि लगेच जीभ चावली. प्रसादानं मरण आलं असं म्हटलं तर देवाला बट्टा लागतो. ठरवून टाकलं, ही गोष्ट कोणाला सांगायची नाही.

परत येते तो फाटकाशी एक अनोळखी गृहस्थ मोटरसायकल थांबवून उभे. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. पुलाचं काम चालू असल्यामुळे मुख्य रस्ता बंद, म्हणून कच्च्या रस्त्यानं निघाले आणि चुकले. तिवशाला लेकीकडे जायचं होतं. मी रस्ता सांगायच्या ऐवजी रडायलाच लागले. ते काही न विचारता गोठ्यात आले, बाह्या वर केल्या आणि सोनीचं पोट चाचपलं. पुढे कळलं, जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते.

"ताई, काल काय खाऊ घातलं यायले?"

"नेहमीचाच चारा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. सोनीच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा हळूच म्हणाले, "पाहा ताई, हे बोलू शकत नाही. हिच्याकून तुमालेच बोला लागते. खरं सांगा, काय खाल्लं हिनं?"

मग मात्र माझा बांध फुटला. नवस, पंगत, टोपलं, दुप्पट वाढलेलं, सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता हे देवाला नाहीतर मला बोल लावतील. ते एवढंच म्हणाले, "परसादाचा काही कसूर नाही. बकरीच्या पोटाले एकदम एवढा दाना झेपत नाही. आंत्रविषार म्हनतात याले. जंतू पोटात असतेच, असा दाना भेटला का भरकन वाढते न जहर सोडते. मागच्या पावसाच्या आधी लस टोचली होती का?"

नव्हती टोचली. लस दिली की दूध आटतं, असं म्हणून मीच त्या लोकांना दारातून परत पाठवलं होतं. तेही सांगितलं. एकदा खरं बोलायला लागल्यावर थांबता येत नव्हतं.

त्यांनी जुन्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते येईपर्यंत खायचा सोडा पाण्यात कालवून बकऱ्यांना बाटलीनं थोडा थोडा पाजला. घाई केली तर पाणी फुफ्फुसात जातं, म्हणून मला बाटली धरायची रीत दाखवली. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "हे रोडगे अजून कोनाकडे गेले का?"

जाऊबाईंनी नेलेलं टोपलं आठवलं. मी तशीच अनवाणी जाऊबाईंच्या घरी पळाले. त्या टोपलं घेऊन गोठ्याच्या दारातच उभ्या होत्या. पंगतीच्या थकव्यानं रात्री लवकर झोपल्या, म्हणून खाऊ घालायचं राहून गेलेलं.

"ठेवा ते खाली! मायं करडू मेलं यानं."

"मारोतीच्या परसादानं?" टोपलं खाली ठेवत त्या म्हणाल्या.

"परसादानं नाही. माया हातानं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि छातीवरचं ओझं उतरलं.

डॉक्टर दुपारपर्यंत आले, इंजेक्शनं, सलाइन झालं. कोपऱ्यातली ती दुसरी बकरी वाचली नाही. दोघांना खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. बाकीच्या सावरल्या. सोनीचं मात्र डॉक्टरांनीही काही सांगितलं नाही. ते गृहस्थ लेकीला उशीर होईल असं कळवून संध्याकाळपर्यंत तिच्यापाशी बसून होते. जाताना मी पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागे सरले. "मले नोका, ताई. मी तं रस्ता चुकलेला मानूस," म्हणाले.

ते कोणी पाठवले, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की मी देवाची अब्रू सांभाळायला निघाले होते आणि त्या नादात सोनीला गमावून बसले असते. त्याला माझ्या खोट्याची गरज नव्हती. आपली चूक जशीच्या तशी त्याच्या पायाशी ठेवायची आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं, एवढंच आपल्या हाती. यंदा लस टोचणारे आले तेव्हा एकेक बकरी मी स्वतः धरून उभी राहिले.

करडू गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात सोनीकडे पाठ करून झाडत होते. करडाची जागा रिकामी होती, तिकडे बघवत नव्हतं. इतक्यात मागून कोणी तरी ओढलं. सोनी लटपटत्या पायांवर उभी होती आणि माझा पदर चघळत होती. एरवी एक चापट दिली असती. त्या दिवशी मी झाडू खाली ठेवला आणि तिचं होईपर्यंत तशीच उभी राहिले.