ट्रस्टच्या बेन घरी आल्या तेव्हा

लहानपणीच माझे आईवडील गेले आणि गुजरातेत उधन्याला आमच्या समोर राहणारं जोडपं मला आपल्या घरी घेऊन गेलं. नातं काहीच नव्हतं. दोन्ही घरं खानदेशातून लूमच्या कामाला आलेली, एवढंच. मी त्यांना मावशी आणि काका म्हणायचे. माझ्या संगोपनासाठी सरकारी मदत यायची, ती अठराव्या वर्षी थांबली. नेमका त्याच उन्हाळ्यात मला वडोदऱ्याला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला.

काका जादा पाळ्या करायचं बोलू लागले. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखायचे. म्हणून मी एका ट्रस्टकडे मदत मागितली. अनाथ मुलांच्या शिक्षणाचा खर्च ते उचलत. चौकशीला एक बेन घरी येणार असं कळल्यावर मी मावशीला बजावलं, की मी शेजारची आहे एवढंच सांग. माया दाखवलीस तर त्यांना वाटेल, हिला तर घर आहे. मावशी बरं म्हणाली.

बेन आल्या, चहा झाला. मग त्यांनी गुजरातीत सहज विचारलं, ही तुमची कोण?

"मनी पोर शे," माझी मुलगी आहे, असं मावशी अहिराणीतच म्हणाली.

आणि मग तिला थांबवता येईना. मी झोपेत बडबडते, मला कारलं आवडत नाही, बारावीला तापात असताना काकांनी मला सायकलवर बसवून परीक्षेला नेलं, सगळं तिने सांगून टाकलं. काका खाली बघत गालात हसत होते. मदत गेली, हे मला कळून चुकलं होतं. तरीही आतून इतकं छान वाटत होतं की मलाच नवल वाटलं.

बेननी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "आमची मुलं शिकतात," त्या म्हणाल्या, "पण सुट्टी लागली की जायचं कुठे, हे त्यांना कळत नाही. फी आणि होस्टेलचं आम्ही बघतो. दिवाळीला हिला इथेच पाठवू ना?"

"मंग कोठे जाई ती?" मावशीने विचारलं.

आता मी घरापासून जवळच, पर्वत पाटियाला एका दवाखान्यात काम करते. काकांचे गुडघे माझ्याच ताब्यात आहेत. ते व्यायाम चुकवतात आणि मावशी फोन करून त्यांची चुगली करते.